जुना खेळ आणि त्याचे नवे कर्ते

१. कुंभकोणमची एक संख्या

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेले कुंभकोणम हे गाव तंजावरपासून सुमारे ४० किलोमीटरांवर आहे. एके काळी ते तंजावरच्या मराठी राज्यात मोडत असे. तेथील शारंगपाणी मंदिरासमोरच्या रस्त्यावर एक लहानसे कौलारू घर स्मारक म्हणून जतन करून ठेवलेले आहे. श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण या घरात गेले. त्यांचा जन्म १८८७ साली इरोड येथे झाला. परंतु त्यांचे शालेय शिक्षण कुंभकोणमच्या टाउन हायस्कुलात झाले आणि गणिताच्या त्यांच्या सुप्रसिद्ध वह्यांचा आरंभही याच गावी झाला.

वर्तुळाचा परीघ व्यासाच्या किती पट असतो हे सांगणाऱ्या संख्येला 'पाय' म्हणतात. तिचा दशांश विस्तार कोठेही संपत नाही. म्हणून व्यवहारात तिची जवळची किंमत घेऊन काम भागवावे लागते. अशी एक किंमत रामानुजन यांनी १९१४ साली प्रसिद्ध केली. तिची कृती सोपी आहे. १९ चा वर्ग करावा, त्याला २२ ने भागावे, भागाकारात ९ चा वर्ग मिळवावा, आणि आलेल्या संख्येचे लागोपाठ दोनदा वर्गमूळ काढावे. उत्तर ३.१४१५९२६५२६ येते. पायची खरी किंमत दहा दशांश स्थळांपर्यंत ३.१४१५९२६५३६ आहे. म्हणजे पहिली आठ स्थळे बिनचूक जुळतात.

आता दुसरी एक संख्या पाहा : ३.१४१५९२६५७. ही संख्या 'डूम' नावाच्या संगणकीय खेळाच्या आज्ञावलीत पायची किंमत म्हणून लिहिलेली आढळते. नवव्या स्थळी ४ असावयास हवा होता. तेथे ७ पडला आहे. पृथ्वीएवढ्या व्यासाचे वर्तुळ घेतले, तर रामानुजन यांच्या किमतीने त्याचा परीघ सुमारे १.३ सेंटिमीटर कमी भरेल. 'डूम'च्या किमतीने तो सुमारे ४.३ सेंटिमीटर अधिक भरेल. कुंभकोणमच्या गणितज्ञाची संख्या संगणकातील संख्येहून सरस ठरते, हे मौजेचे खरे. परंतु त्याहून महत्त्वाचा प्रश्न निराळाच आहे. विकावयास काढलेल्या खेळाच्या पोटात कोणता अंक चुकला आहे, हे बाहेरच्या माणसाला कळले कसे? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता त्या खेळाचा, त्याच्या नव्या आवृत्तीचा आणि त्यावर श्रम करणाऱ्या हौशी कर्त्यांचा सर्व इतिहास हाती येतो.

२. खेळाचा जन्म

'डूम' हा खेळ अमेरिकेतील टेक्सास राज्यात 'इड सॉफ्टवेअर' या छोट्या मंडळीने तयार केला आणि १० डिसेंबर १९९३ रोजी प्रसिद्ध केला. जॉन कार्मॅक यांनी त्याच्या आज्ञावलीचा मुख्य भाग लिहिला. जॉन रोमेरो यांनी अनेक नकाशे रचले. खेळणारा एका योद्ध्याच्या डोळ्यांनी बोळ, दालने आणि अंगणे पाहत पुढे जातो आणि वाटेत भेटणाऱ्या राक्षसांशी लढतो. खेळ हिंसक आहे, लहान मुलांच्या हाती देण्याजोगा नाही, हे येथेच सांगितले पाहिजे. प्रस्तुत विवेचन त्याच्या रचनेपुरते आहे.

त्याचे तीन खंड होते. पहिला खंड कोणीही फुकट घ्यावा, मित्रांना वाटावा, आवडल्यास उरलेले दोन विकत मागवावेत, अशी विक्रीची पद्धत होती. त्यामुळे खेळ झपाट्याने पसरला. त्या काळच्या घरगुती संगणकाची शक्ती पाहता त्याची गती विलक्षण वाटे. पडद्यावर आडवे ३२० व उभे २०० ठिपके असत. खेळातील सर्व हालचालींचा हिशेब सेकंदाला ३५ वेळा केला जाई. एवढ्या थोड्या वेळात कोणती भिंत कोणत्या भिंतीच्या मागे आहे हे ठरवावयाचे, तर ते काम आधीच करून ठेवणे भाग होते. त्यासाठी प्रत्येक नकाशा रेघा मारून दोन दोन भागांत पुनःपुन्हा विभागला जाई व त्या विभागणीचा वृक्ष नकाशासोबतच साठवला जाई. ही युक्ती गणितज्ञांनी १९८० सालीच मांडली होती. ती खेळात आणून कार्मॅक यांनी घरगुती संगणकाच्या आवाक्यात बसविली.

३. रंगमंच वेगळा, नाटक वेगळे

'डूम'च्या दीर्घायुष्याचे बीज त्याच्या रचनेतील एका निर्णयात आहे. नाटकमंडळीचा रंगमंच, पडदे ओढण्याची यंत्रणा आणि दिवे एकच असतात. नाटके मात्र रोज वेगळी होऊ शकतात. तद्वत् या खेळात चित्र काढणारी व नियम पाळणारी आज्ञावली एका फाइलीत ठेवली होती. आणि नकाशे, चित्रे, ध्वनी व संगीत ही सामग्री दुसऱ्या फाइलीत ठेवली होती. या दुसऱ्या फाइलीला 'वॅड' म्हणतात.

वॅडची मांडणी एखाद्या ग्रंथालयासारखी आहे. तिच्या आरंभी १२ बाइटांची पाटी असते. फाइल मूळची की पुरवणीची, तिच्यात किती वस्तू आहेत, आणि त्यांची यादी कोठे आहे, एवढ्याच तीन गोष्टी पाटीवर लिहिलेल्या असतात. यादीत प्रत्येक वस्तूसाठी १६ बाइटांचे एक कार्ड असते. वस्तू फाइलीत कोठे सुरू होते त्यासाठी ४, तिची लांबी किती त्यासाठी ४, आणि तिच्या नावासाठी ८ बाइट. हव्या त्या वस्तूचे कार्ड शोधावे, त्यावरील जागी जावे आणि वस्तू उचलावी.

खेळणाऱ्याने मूळ फाइलीसोबत पुरवणीची फाइल जोडली, की दोन्ही याद्या एकापुढे एक लागतात. आज्ञावली कार्ड शोधू लागते ती शेवटाकडून. म्हणून एकाच नावाची दोन कार्डे असली, तर नंतर जोडलेले आधी सापडते आणि तेच मानले जाते. मूळ फाइलीतील एक अक्षरही न खोडता पहिल्या दालनाच्या जागी आपले दालन उभे करता येते. पुरवणी काढून घेतली की जुना खेळ जसाच्या तसा परत मिळतो. मूळ कृतीला धक्का न लावता तिच्यात भर घालण्याची ही सोय होय. अशा भरीला 'मॉड' हे नाव रूढ झाले आहे.

४. हौशी कर्त्यांचा मेळा

नकाशा कसा साठवला आहे, याची माहिती प्रारंभी बाहेर कोणालाही नव्हती. परंतु खेळणाऱ्यांनी फाइलीतील अंक चाचपून ती शोधून काढली. १९९४ सालच्या आरंभीच न्यूझीलंडमधील ब्रेंडन वायबर यांच्या खटपटीतून नकाशे रचण्याचे एक साधन सर्वांना उपलब्ध झाले. त्याच वर्षी ग्रेग ल्यूइस यांचे 'डीहॅकएड' आले. त्याच्या साह्याने आज्ञावलीतील राक्षसांची शक्ती, शस्त्रांचा वेग असे आकडे पालटता येऊ लागले. जस्टिन फिशर यांनी तर त्याच वर्षी 'एलियन्स' या चित्रपटाच्या आधारे खेळाचे रूप पुरते बदलून टाकले.

हे कर्ते पगारी नव्हते. विद्यार्थी होते, नोकरदार होते. दिवसाचे काम संपल्यावर ते भिंती रेखाटीत बसत. त्यांच्या कामाचा दर्जा किती वाढला होता, हे १९९६ साली दिसून आले. त्या वर्षी 'फायनल डूम' नावाने जे दोन संच विक्रीस आले, त्यांपैकी एक 'टीमटीएनटी' या हौशी मंडळाने आणि दुसरा कसाली बंधूंनी रचलेला होता. कालचे वाचक आज लेखक झाले, असेच म्हणावयास हवे.

५. आज्ञावली खुली होते

इतके झाले तरी रंगमंचाची किल्ली मूळ मालकाकडेच होती. बाहेरच्यांना नाटके लिहिता येत. पडद्याची दोरी बदलता येत नसे. उदाहरणार्थ, जमीन व छत यांचे जे वेगवेगळे तुकडे एका वेळी दृष्टीस पडतात, त्यांच्यासाठी आज्ञावलीत १२८ जागा होत्या. नकाशा त्याहून गुंतागुंतीचा झाला की खेळ एकाएकी बंद पडे.

२३ डिसेंबर १९९७ रोजी इड सॉफ्टवेअरने 'डूम'ची मूळ आज्ञावली सर्वांस वाचावयास खुली केली. ध्वनीचा भाग दुसऱ्या संस्थेच्या मालकीचा असल्यामुळे तेवढा वगळावा लागला. प्रथम परवानगी केवळ बिनव्यापारी वापरापुरती होती. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये तीच आज्ञावली सार्वजनिक परवान्याखाली आणण्यात आली. या परवान्याचा आशय असा की, कोणीही ती वाचावी, बदलावी, वाटावी. मात्र बदललेली आज्ञावली वाटणाऱ्याने आपले बदलही तसेच खुले ठेवावेत. चित्रे, नकाशे व संगीत यांवरील मालकी मात्र मूळ मालकाकडेच राहिली. म्हणूनच पुढे 'फ्रीडूम' या उपक्रमात हौशी कलावंतांनी सर्व सामग्री नव्याने रचून मुक्तपणे देऊ केली.

१९९८ साली 'बूम' व 'झेडडूम' या सुधारित आज्ञावल्या निघाल्या. बूमने १२८ सारख्या मर्यादा उठविल्या. झेडडूमने नव्या सोयींची भर घातली. पुढे निघालेल्या 'चॉकलेट डूम'चे ध्येय याच्या अगदी उलट होते. मूळ खेळ जसा होता तसाच, त्यातील दोषांसह, नव्या संगणकावर चालावा, एवढेच त्याला साधावयाचे होते. एक जीर्णोद्धार करणारा आणि दुसरा नवी माडी चढविणारा, असे हे दोन पंथ आजही शेजारी शेजारी नांदतात.

६. नवव्या अंकाचे काय झाले?

खुली झालेली आज्ञावली लोकांनी ओळ न् ओळ वाचली आणि पायची चूक दृष्टीस पडली. तिने खेळात काय बिघडते हे तपासून पाहू.

'डूम'मध्ये पूर्ण वर्तुळाचे ८,१९२ भाग केलेले आहेत. प्रत्येक भागाच्या कोनाची ज्या आधीच काढून एका कोष्टकात लिहून ठेवलेली आहे. कारण त्या काळी प्रत्येक वेळी नव्याने गणित करणे संगणकाला परवडत नसे. ज्या आणि कोज्या यांत पाव वर्तुळाचेच अंतर असल्यामुळे वर्तुळाला आणखी चतुर्थांश जोडून एकाच कोष्टकात दोन्हींची सोय केली आहे. अशा रीतीने त्यात १०,२४० नोंदी होतात. अपूर्णांक मोजण्याचे त्यातील लहानात लहान माप म्हणजे एकाचा ६५,५३६ वा भाग.

पायच्या चुकीमुळे पूर्ण वर्तुळाच्या कोनात जी तफावत येऊ शकते, ती या लहानात लहान मापाच्या दोन हजाराव्या भागाएवढीही नाही. कापड गजाने मोजणाऱ्याला धुळीच्या कणाने फरक पडत नाही, तसेच हे आहे. त्यामुळे चुकलेला अंक खेळात कोणालाही जाणवला नाही.

परंतु पायची किंमत सरळ ३ घेतली तर? मग पूर्ण वर्तुळाचा कोन ६.२८३ ऐवजी ६ रेडियन होईल. सुमारे १६ अंश हरवतील. खेळणाऱ्याने स्वतःभोवती गिरकी घेतली, तर कोष्टक संपून पुन्हा आरंभाशी येताना दृश्याला हिसका बसेल. पाऊल जिकडे पडते आणि दृष्टी जिकडे पाहते त्यांचा मेळ राहणार नाही. असे प्रयोग हौशी आज्ञावलीकारांनी खरोखरच करून पाहिले आहेत. सूक्ष्म चूक केव्हा निरुपद्रवी असते आणि केव्हा घातक ठरते, याचा हा उत्तम पाठ होय. चुकीची किंमत एकट्या चुकीवरून ठरत नाही. आपण कोणत्या मापाने मोजीत आहोत यावरूनही ती ठरते.

७. नव्या आवृत्तीची कसोटी

जुने पुस्तक पुन्हा छापताना शब्द तेच राहिले म्हणजे पुरे होते. खेळाचे तसे नाही. खेळ हा नियमांचा व्यवहार आहे, आणि तो यंत्राशी बांधलेला असतो. १९९३ सालचे यंत्र आज घरोघर नाही. म्हणून नव्या यंत्रावर तोच व्यवहार उभा करावा लागतो. तो खरोखर तोच आहे, हे कशावरून ओळखावे?

याला 'डूम'मध्येच एक सुंदर कसोटी आहे. खेळ नोंदवून ठेवण्याची सोय त्यात आहे. पण ती नोंद चित्रांची नसते. पुढे-मागे किती, बाजूला किती, वळण किती, आणि कोणती कळ दाबली, एवढेच ४ बाइटांत लिहिले जाते. सेकंदाला ३५ वेळा या हिशेबाने एका मिनिटाची नोंद ८,४०० बाइट भरते. पडद्यावरील एकाच चित्राला ६४,००० बाइट लागतात हे लक्षात घेतले, म्हणजे ही नोंद किती आटोपशीर आहे ते कळेल. नोंद पुन्हा चालविताना आज्ञावली त्याच कळा त्याच क्रमाने दाबते आणि सारा खेळ नव्याने घडतो. राक्षसांच्या वागण्यात दिसणारी यदृच्छाही खरी यदृच्छा नव्हे; २५६ संख्यांच्या एका ठरीव यादीतून ती क्रमाने उचलली जाते. म्हणून तीच कारणे, तेच कार्य.

आता नव्या आवृत्तीत एक राक्षस जरी केसभर वेगळा वळला, तरी यादीतील क्रम चुकतो, पुढचा बाण दुसरीकडे जातो आणि थोड्याच वेळात नोंदीतील योद्धा भिंतीवर डोके आपटीत राहतो. जुनी नोंद शेवटपर्यंत बिनचूक चालली, तर मात्र नवी आवृत्ती जुन्याशी इमान राखून आहे, असे समजावे. कित्येक कर्ते मुद्दाम जुन्या चुका तशाच ठेवतात त्याचे कारण हेच. चूक दुरुस्त केली तर तिच्यावर उभ्या असलेल्या असंख्य नोंदी आणि नकाशे निकामी होतील.

या प्रकाशात अलीकडच्या दोन आवृत्त्या पाहू. २६ जुलै २०१९ रोजी 'डूम' व 'डूम २' हे खेळ 'युनिटी' या परक्या यंत्रणेवर नव्याने बसवून खेळयंत्रांसाठी व दूरध्वनींसाठी प्रसिद्ध झाले. आरंभी जाळ्यावर खाते उघडल्याशिवाय खेळता येत नसे. ओरड झाल्यावर ही अट काढली गेली. जानेवारी २०२० मध्ये सुधारणा होऊन सेकंदाला ६० चित्रे दिसू लागली, आणि प्रकाशकांनी निवडलेले काही मॉडही घेता येऊ लागले. ८ ऑगस्ट २०२४ रोजी 'नाइटडाइव्ह' या संस्थेच्या साह्याने दोन्ही खेळ एकत्र करून पुन्हा नव्याने बांधण्यात आले. पूर्वीची आवृत्ती घेतलेल्यांना ही फुकट मिळाली. तिच्यात 'लेगसी ऑफ रस्ट' हा नवा खंड आहे. शिवाय हौशी मंडळींनी बूममध्ये घालून दिलेले नियम तिने मान्य केले आणि खेळणाऱ्यांना आपले मॉड खेळातूनच इतरांपुढे ठेवण्याची सोय दिली. पंचवीस वर्षांपूर्वी बिनपगारी कर्त्यांनी पाडलेली पायवाट मालकाने राजमार्ग म्हणून स्वीकारली, हा या आवृत्तीचा खरा विशेष.

८. श्रेयाचा प्रश्न

या सोयीबरोबर एक दुखणेही आले. एकाने वर्षभर खपून रचलेला मॉड दुसऱ्यानेच पुढे ठेवावा, आणि त्यावर मूळ कर्त्याचे नावही नसावे, अशा तक्रारी ऐकू आल्या. हौशी कर्त्याला पैसा मिळत नाही. नाव हेच त्याचे वेतन असते. तेही गेले तर त्याने कशासाठी झटावे? मॉडसोबत एक साधी मजकुराची फाइल जोडून तीत कर्त्याचे नाव, कोणाकडून काय घेतले आणि पुढे कोणाला काय करण्याची मुभा आहे, हे लिहिण्याचा प्रघात या मंडळींत अगदी प्रारंभापासून आहे. खुलेपणा आणि श्रेय यांत विरोध नाही. श्रेय पाळले गेले तरच खुलेपणा टिकतो.

९. वह्या आणि वाचक

पुन्हा एकदा कुंभकोणमकडे वळू. रामानुजन यांनी वह्यांत निष्कर्ष लिहिले. सिद्धता बहुधा लिहिल्या नाहीत. १९२० साली वयाच्या ३२ व्या वर्षी ते निवर्तले. वह्या कपाटात बंद राहिल्या असत्या तर त्यांतील पुष्कळसे ज्ञान कुजले असते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९५७ साली त्यांची छायाप्रत दोन खंडांत प्रसिद्ध केली. ब्रूस बर्ंट यांनी इतरांच्या साह्याने एकेक निष्कर्ष तपासून १९८५ ते १९९८ या काळात पाच खंडांत त्यांचे विवरण पूर्ण केले. रामानुजन यांच्या १९१४ च्या लेखातीलच एक श्रेढी घेऊन बिल गॉस्पर यांनी १९८५ साली संगणकावर पायचे १ कोटी ७० लक्षांहून अधिक अंक काढले.

खेळाची आणि गणिताची थोरवी एका तागडीत घालण्याचे कारण नाही. तथापि दोन्हींच्या बाबतीत एक नियम समान दिसतो. कृती इतरांना वाचता आली, तिच्यातील चूक दाखविता आली आणि तिच्यात भर घालता आली, तरच ती कर्त्याच्या पश्चात आणि यंत्राच्या पश्चात जगते. 'डूम'चा नववा अंक चुकला होता हे आज सर्वांस ठाऊक आहे. कारण तो लपवून ठेवलेला नाही.

अभ्यासासाठी

१. १९ चा वर्ग, २२ आणि ९ चा वर्ग यांपासून पायची किंमत स्वतः काढा व ती किती स्थळांपर्यंत बरोबर येते ते पाहा.

२. पाय म्हणून २२ भागिले ७ घेतल्यास पूर्ण वर्तुळाच्या कोनात किती अंशांची चूक येईल?

३. आपल्या ग्रंथालयाची कार्डयादी शेवटाकडून शोधावयाची असे ठरले, तर एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्यांपैकी कोणती आधी हाती येईल? वॅड फाइलीशी ताडून पाहा.